तेलाचे साबणीकरण मूल्य कसे काढावे आणि कसे वाचावे

तेलाच्या तपासणी अहवालात आयोडीन मूल्य (तेलातील असंतृप्ततेचे, म्हणजे दुहेरी बंधांचे माप) आणि आम्लमूल्य यांच्या जोडीला साबणीकरण मूल्याचाही आकडा असतो. त्यालाच प्रयोगशाळेत सर्रास सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू म्हणतात. एक ग्रॅम तेलाचे किंवा चरबीचे पूर्णपणे साबणात रूपांतर होण्यासाठी जितके मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड खर्ची पडते, तितके त्या तेलाचे साबणीकरण मूल्य. व्याख्या एवढीच आहे. पण हा आकडा नेमके काय सांगतो, हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग करता येत नाही.

तेलाचा रेणू, म्हणजे ट्रायग्लिसराइड, एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडून बनलेला असतो. रेणू लहान असो वा मोठा, त्याचे साबणीकरण करण्यास अल्कलीचे, म्हणजे इथे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे, तीनच रेणू लागतात. त्यामुळे ज्या तेलाचे रेणू लहान, त्याच्या एका ग्रॅममध्ये रेणूंची संख्या जास्त आणि म्हणून अल्कलीचा खर्चही जास्त. खोबरेल तेलात बारा कार्बनी लॉरिक आम्लाचे प्रमाण मोठे असल्याने त्याचे मूल्य २५० च्या पुढे जाते. शेंगदाणा तेलात मुख्यतः अठरा कार्बनी आम्ले असल्याने ते १८८ ते १९६ च्या दरम्यान राहते. आणि बावीस कार्बनी इरुसिक आम्ल भरपूर असलेल्या मोहरीच्या तेलात ते १७५ च्या आसपास उतरते. मूल्य जास्त म्हणजे तेल चांगले, असा अर्थ मात्र मुळीच काढू नये.

मापनासाठी शंकुपात्रात सुमारे २ ग्रॅम गाळलेले, कोरडे तेल अचूक तोलून घ्यावे आणि त्यात ०.५ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचे एकक) अल्कोहोलिक पोटॅशचे, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे, २५ मिली द्रावण पिपेटने सोडावे. पात्राला उभा कंडेन्सर जोडून ते पाणतापीवर अर्धा ते एक तास उकळू द्यावे. अल्कोहोल पेट घेते, म्हणून उघडी ज्योत जवळ आणू नये. तेलाचे थेंब दिसेनासे होऊन द्रावण एकसारखे स्वच्छ झाले की साबणीकरण पूर्ण झाले असे समजावे. मग द्रावण गरम असतानाच, कारण थंड झाल्यावर साबण गोठू लागतो, फिनॉल्फथॅलिन या रंगदर्शकाचे थेंब टाकून ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन (टायट्रेशन) करावे, म्हणजे उरलेली अल्कली संपेपर्यंत ब्युरेटमधून आम्ल थेंबथेंब सोडावे, आणि गुलाबी रंग जाताच ब्युरेटचे वाचन नोंदवावे.

याच वेळी तेल न घालता, बाकी सर्व तसेच ठेवून, कोरी चाचणीही करावी. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग सगळा हिशेबच कोलमडतो, कारण अल्कोहोलिक पोटॅश हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि बाटलीवर लिहिलेल्या तीव्रतेवर विसंबून राहता येत नाही.

कोऱ्या चाचणीला लागलेल्या आम्लातून नमुन्याला लागलेले आम्ल वजा करावे, आलेल्या फरकाला आम्लाच्या नॉर्मलतेने व ५६.१ ने गुणावे आणि तेलाच्या ग्रॅममधील वजनाने भागावे. समजा, खोबरेल तेल २.०० ग्रॅम घेतले, कोऱ्या चाचणीला २४.८ मिली आणि नमुन्याला ६.६ मिली आम्ल लागले, तर फरक १८.२ मिली येतो आणि मूल्य सुमारे २५५ निघते. १,६८,३०० ला (म्हणजे ३ × ५६.१ × १००० ला) या मूल्याने भागले की तेलाच्या रेणूचे सरासरी वजन मिळते. इथे ते ६६० येते, तर १९० मूल्याच्या शेंगदाणा तेलासाठी ते ८८६ च्या जवळ येते.

साबण करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: हे मूल्य पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे (पोटॅशचे) आहे, कॉस्टिक सोड्याचे (सोडियम हायड्रॉक्साइडचे) नाही. वडीचा साबण कॉस्टिक सोड्याने होतो, आणि त्यासाठी आकडा ०.७१३ ने गुणावा लागतो. २५५ मूल्याच्या ५०० ग्रॅम खोबरेल तेलाला १२७.५ ग्रॅम पोटॅश लागते, पण कॉस्टिक सोडा ९०.९ ग्रॅमच पुरतो; त्यातही पाच टक्के कमी करून सुमारे ८६ ग्रॅम घेणे सुरक्षित. आकडा न बदलता १२७.५ ग्रॅम सोडा घातला, तर उरलेला सोडा साबणातच राहतो आणि अंगाची आग होते. सोडा नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेत, आणि ॲल्युमिनियमचे भांडे मुळीच वापरू नये.

हे मूल्य आम्लमूल्याशी गल्लत करून वाचू नये. आम्लमूल्य फक्त सुटी झालेली मेदाम्ले मोजते, तर साबणीकरण मूल्यात सुटी आणि बांधलेली अशी दोन्ही येतात. दोहोंतील फरकाला एस्टर मूल्य म्हणतात. भेसळीच्या तपासणीत खनिज तेल मिसळले असेल तर मूल्य घसरते, कारण खनिज तेलाचा साबण होत नाही. परंतु खोबरेल तेलात पाम कर्नल तेल मिसळले असल्यास ते एवढ्यावरून सहसा उमगत नाही, कारण त्याचे मूल्यही २३० ते २५४ इतके जवळचे असते. अशा वेळी आयोडीन मूल्य तपासावे, कारण खोबरेल तेलाचे ते साधारण १० पर्यंतच असते आणि पाम कर्नलचे १४ च्या पुढे जाते.