ड्रिप लावून घेण्याआधी ट्रे बघा

निम्मी क्लिनिकं फोनवरच गळतात. फोन लावायचा आणि सांगायचं, "मला शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, व्हिटॅमिनची ड्रिप घ्यायची आहे." पलीकडून "हो मॅडम, संध्याकाळी सहाचा स्लॉट आहे, आज ऑफर पण आहे," असं आलं की बरं म्हणून फोन ठेवून द्या. "आधी डॉक्टर तपासतील, किडनीचा रिपोर्ट असेल तर घेऊन या," असं म्हणणारी जागा जाऊन बघण्यासारखी.

माझी सगळी नोकरी पुण्यात, वॉर्डात आणि कॅज्युअल्टीत सलाईन लावण्यात गेली. बाणेर, कोरेगाव पार्ककडच्या चकचकीत जागांमध्ये गेले तरी माझी नजर सोफ्यावर जात नाही, ऑक्सिजनचा सिलिंडर शोधते. भाचीच्या लग्नाआधी तिच्या 'ब्रायडल ग्लो'साठी अशाच एका ठिकाणी गेलो होतो. खुर्चीशेजारच्या स्टँडला पिवळी बाटली आधीच लटकत होती. भाचीचं वजन कुणी विचारलं नव्हतं, ॲलर्जी विचारली नव्हती, बाटलीवर नाव नाही, कधी मिसळली ती वेळ नाही. तसंच तिला उठवून आणलं. औषध तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, ॲम्प्यूलवरचं नाव आणि एक्सपायरी तुम्हाला दाखवली पाहिजे, आणि मिसळल्यावर लगेच लावलं पाहिजे. सकाळी दहा बाटल्या भरून ठेवायला ते काही ताक नव्हे, त्यात जंतू वाढले तर थेट रक्तात जातात. (आणि तो पिवळा रंग बी-२ व्हिटॅमिनचा, ताकदीचा नव्हे. नंतर लघवीतही तोच दिसतो.)

आता ट्रे. "रिॲक्शन आली तर काय कराल?" असं सरळ विचारा आणि इमर्जन्सी ट्रे बघायला मागा. त्यात ॲड्रिनॅलिन, म्हणजे जिवावरच्या ॲलर्जीवरचं पहिलं इंजेक्शन, हवंच. काचेची छोटी ॲम्प्यूल असते, तिची तारीख वाचा. सोबत सिरिंज, बीपीचं मशीन, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर. बी-१ शिरेतून दिल्यावर क्वचित, पण जिवावर बेतणारी रिॲक्शन येते. मॅग्नेशियम भरभर सोडलं तर अंग तापल्यासारखं होऊन बीपी घसरतं. अशा वेळी "१०८ ला फोन करू" हे उत्तर पुरत नाही. ॲम्ब्युलन्स ट्रॅफिकमधून येईपर्यंतची मिनिटं त्या ट्रेवरच काढायची असतात. म्हणून ड्रिप चालू असताना डॉक्टर त्याच जागेत हवेत, व्हॉट्सॲपवर नव्हे. घरी किंवा हॉटेलात येऊन ड्रिप लावणाऱ्यांना मी याच कारणासाठी नाही म्हणते.

डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. सुई लावणारी व्यक्ती 'थेरपिस्ट' असेल तर नर्सिंगचं शिक्षण कुठलं, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. खऱ्या सिस्टरला त्याचा राग येत नाही. तिचे हात बघा. स्पिरिटने पुसल्यावर ते वाळेपर्यंत ती थांबते का, पुसलेल्या जागी परत बोटाने शीर चाचपत तर नाही ना, वापरलेली सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या कडक डब्यात टाकते का. एवढ्यावर मला माणूस कळतो.

तुमच्याबद्दलही त्यांनी विचारायला हवं. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर ५०० मिली नॉर्मल सलाईनसुद्धा जड जातं, त्यात साडेचार ग्रॅम मीठ असतं. व्हिटॅमिन सीचा मोठा डोस द्यायचा असेल तर आधी जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी हवी. ते एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्या डोसने फुटतात. मुतखडा झालेल्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये. आणि शुगरवाल्यांनो, मोठ्या डोसनंतर घरच्या ग्लुकोमीटरवर साखर खोटीच जास्त दिसू शकते. तो आकडा बघून इन्सुलिन वाढवलं तर साखर धाडकन खाली येईल. लॅबमध्ये रक्त देऊन खात्री करा.

गोरं करण्याच्या ग्लुटाथायोनबद्दल माझं मत सरळ आहे: घेऊ नका. त्वचा उजळण्यासाठी ते शिरेतून देणं सुरक्षित आहे असं म्हणण्याजोगा पुरावा नाही. नुसता थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन, बी-१२, डी आणि थायरॉइड तपासा. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचं, आणि त्यासाठी गोळ्या किंवा फॅमिली डॉक्टरांकडची दंडावरची सुई पुरते, तीही ड्रिपच्या पॅकेजपेक्षा कितीतरी स्वस्तात.

एवढं करूनही घ्यायचीच असेल तर निघताना औषधांची नावं, डोस आणि बॅच नंबर कागदावर लिहून घ्या. सुईची जागा लाल होऊन दुखायला लागली, ताप आला, थंडी वाजली किंवा धाप लागली, तर तो कागद घेऊन जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा. बिलावर नुसतं 'ग्लो पॅकेज' लिहिलेलं असेल, तर तिथल्या डॉक्टरला त्यातून काहीच कळत नाही.