ट्यूबमधून एल४-एल५ डिस्केक्टॉमी (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या डिस्कचा, म्हणजे चकतीचा, बाहेर आलेला भाग काढणं): नळी बसवण्यापासून काढेपर्यंत

रुग्णाला पालथं झोपवताना पोट मोकळं लोंबतं आहे ना, हे आधी बघा. पोट दाबलं गेलं की एपिड्युरल (मणक्याच्या पोकळीतल्या, ड्युराबाहेरच्या) शिरा फुगतात, आणि १८ मिमीच्या नळीत थोडंसं रक्तही पुढचं सगळं झाकून टाकतं.

सी-आर्मच्या (ऑपरेशन टेबलाजवळच्या एक्स-रे यंत्राच्या) लॅटरल, म्हणजे बाजूने घेतलेल्या, चित्रावर लेव्हल, म्हणजे नेमकी कोणती डिस्क, ते पक्कं करा. मध्यरेषेपासून सुमारे दीड सेंमी बाजूला, २ सेंमीचा छेद पुरतो. फॅशिया (स्नायूवरचं चिवट आवरण) मात्र त्वचेपेक्षा थोडा जास्तच कापा. तो आखडता राहिला तर डायलेटर (वाट रुंद करायला एकावर एक घालायच्या नळ्यांपैकी एक) अडतो, मग हात जोर लावतो, आणि अशा वेळी सुटलेलं टोक कुठे जाईल याचा नेम नाही.

गाइडवायर (वाट दाखवणारी बारीक तार) टाळलेली बरी. ती दोन लॅमिनांमधल्या (मणक्याच्या मागच्या हाडी पट्ट्यांमधल्या) फटीतून सरळ ड्युरात (मज्जातंतूंभोवतीच्या आवरणात) शिरू शकते. त्याऐवजी पहिला डायलेटरच हाडावर टेकवा. लॅमिनाची खालची कड आणि स्पायनस प्रोसेसचं (मणक्याच्या मागच्या टोकदार हाडाचं) मूळ टोकाने चाचपा, त्याच टोकाने स्नायू खरवडून बाजूला करा. घाई इथेच नडते. पुढचे डायलेटर घालताना आधीचा हाडावर दाबून धरा. तो उचलला गेला की खाली स्नायू शिरतो. शेवटच्या डायलेटरवरची त्वचेपाशची खूण वाचून नळीची लांबी ठरवा. आखूड नळीखाली स्नायू सरकतो, लांब नळीत हत्यारं पोहोचत नाहीत. नळी धरून ठेवणारा आर्म घट्ट करून पुन्हा सी-आर्म घ्या: नळी डिस्कच्या फटीला समांतर हवी.

मायक्रोस्कोपखाली बेयोनेट आकाराचीच (दांडा बाजूला वाकवलेली) हत्यारं घ्या, म्हणजे हात नजरेआड येत नाही. लॅमिना ३ मिमी बरने (हाड घासणाऱ्या फिरत्या टोकाने) घासताना फ्लेव्हम (लॅमिनांमधला पिवळा लिगामेंट) शाबूत ठेवा. ड्युराला तेवढंच कवच. मग केरिसन (हाड आणि लिगामेंट कुरतडायचा पंच). पार्स (मणक्याचे वरचे-खालचे सांधे जोडणारा हाडाचा अरुंद भाग) मात्र कोरून बारीक करू नका.

ॲन्युलसला (डिस्कच्या बाहेरच्या कड्याला) हात लावण्याआधी एल५ रूटची (मज्जातंतूच्या मुळाची) बाहेरची कड दिसलीच पाहिजे. ताणून चपटी झालेली रूट फुगलेल्या डिस्कसारखी दिसते. पिट्युटरी फोर्सेप्स (डिस्कचे तुकडे काढायचा चिमटा) बंद जबड्याने आत न्या, आत गेल्यावर उघडा, ३ सेंमीच्या पुढे जाऊ नका. समोरचा ॲन्युलस फुटला तर मोठ्या रक्तवाहिन्यांना इजा होते, आणि नळीत रक्त दिसेलच असं नाही. विनाकारण बीपी पडलं तर आधी हीच शंका घ्या.

ड्युरा किंचित फाटला तर पॅच आणि सीलंट बहुधा भागवतात, कारण नळी काढली की स्नायू जवळ येतात आणि पोकळी फारशी उरत नाही. नळी एका झटक्यात उपसू नका. मायक्रोस्कोपखालीच सावकाश वर घ्या, वाटेत स्नायूतल्या प्रत्येक शिरेला बायपोलर (रक्त थांबवणारा विजेचा चिमटा) लावत.