अपूर्णांकांचं समीकरण? आधी छेद घालवा

समीकरणात अपूर्णांक आले की प्रत्येक ओळीत छेद ओढत नेण्यात वेळ जातो, चुकाही होतात. पहिल्याच ओळीत ते काढून टाका.

उदाहरणार्थ, क्ष/४ − (क्ष − ३)/६ = २.

४ आणि ६ चा लसावि १२. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाला १२ ने गुणा. उजवीकडच्या एकट्या २ लासुद्धा. नेमका तोच राहून जातो.

३क्ष − २(क्ष − ३) = २४
३क्ष − २क्ष + ६ = २४
क्ष = १८

ताळा: ४.५ − २.५ = २.

कंस मात्र लिहायचाच. आळस करून तो गाळला की +६ च्या जागी −६ येतं आणि उत्तर थेट ३० निघतं. छेदातच क्ष असेल, तर छेद शून्य करणारी किंमत उत्तर म्हणून चालत नाही.