पहिला ब्लॉग कुठे सुरू करावा, आणि जुने मराठी लेखन त्यावर कसे चढवावे

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा... आमच्या बेळगाव सीमाभागात गावोगावी मराठी साहित्य संमेलने भरतात. तिथे वाचलेल्या कथा, कविता, भाषणे पुढे डीटीपीवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये पडून राहतात. ती लिहिणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. जीमेलचे खाते तुमच्याकडे आहे असे धरतो.

जागा निवडायला एक संध्याकाळ पुरे. ‘आधी डोमेन (स्वतःचा वेब-पत्ता) घ्या, होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) घ्या, मग लिहा’ हा सल्ला नवख्याला कुणी देऊ नये. एका वर्षी पैसे भरायचे राहिले की सगळे लेखन नेटवरून जाते. ब्लॉगर १९९९ पासून चालू आहे, २००३ पासून गूगलकडे आहे आणि फुकट आहे. पहिल्या ब्लॉगला तोच घ्या. वर्डप्रेसच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉट कॉमवर ब्लॉग तेच सांभाळतात, पण फुकटच्या ब्लॉगवर त्यांच्या जाहिराती येतात. डॉट ऑर्गवर नुसते सॉफ्टवेअर मिळते, ते ठेवायची जागा तुम्ही भाड्याने घ्यायची. सबस्टॅक लेख ईमेलने पाठवते. आपले बहुतेक वाचक व्हॉट्सॲपवर असतात, म्हणून ते आत्ता नको.

ब्लॉगचा पत्ता छोटा ठेवा आणि त्यात शहराचे नाव घालू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले, तेव्हापासून रोमन लिपीत दोन्ही स्पेलिंगे चालतात आणि वाचक हमखास दुसरेच टाइप करतो. थीम साधी घ्या, भाषा मराठी करा.

आता खरी अडचण. डीटीपीवाल्याची फाइल उघडून मजकूर ब्लॉगवर पेस्ट केला की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात, फाँट त्यांच्यावर मराठी अक्षराचे चित्र दाखवतो. वाचकाच्या फोनमध्ये तो फाँट नसतो. युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते सगळीकडे मराठीच दिसते.

इथे लोक हमखास सांगतात, ‘पानाचा फोटो काढून टाका.’ कृपा करून तसे करू नका. फोटोतला मजकूर शोधून सहजी सापडत नाही, कॉपी होत नाही, फोनवर बोटांनी ताणून वाचावा लागतो, आणि अंध वाचकाचा फोन तो नीट वाचून दाखवू शकत नाही.

डीटीपीवाल्याकडून फाँटचे नेमके नाव लिहून घ्या आणि त्याच फाँटचा कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्राम, वापरा. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. कन्व्हर्टरमधून बाहेर आलेला मजकूर लगेच ब्लॉगवर टाकू नका. ही चूक मी केली आहे. कणकुंबीकडच्या रानावर मी एक लेख लिहिला होता. मलप्रभा जिथे उगम पावते तो हा भाग. कन्व्हर्टरने माझ्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ करून ठेवल्या. डोंगरातल्या दरीचा समुद्र झाला आणि तसाच लेख ग्रुपवर फिरला. मी न वाचताच टाकला होता, याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. रूपांतर झालेल्या मजकुरात आधी ‘र्य’ शोधायचा. सूर्य, कार्य, पर्याय यांतला तसाच ठेवायचा. दुसर्या, पायर्या, शेतकर्यांना असे दिसले की ‘ऱ्य’ करायचा. मग ‘र्ह’ शोधायचा, कारण तऱ्हा, कऱ्हाड इथेही तेच होते. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ची कळ दाबली की नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ येतो. त्याला हलन्त (पाय मोडायचे चिन्ह) लावून पुढे ‘य’ टाइप करा. काही कन्व्हर्टर साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात आणि तसाच दिसणारा ‘र्‍या’ तयार करतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असे नाही. सगळ्या लेखांत एकच पद्धत ठेवा. मी नुक्त्याचा ‘ऱ’ ठेवतो. शेवटी ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार पाहण्यासाठी लेख एकदा मोठ्याने वाचा. शब्द अडखळला की तिथे चूक असते. दहा पानांना दोन तास लागतात, ते द्या.

पेस्ट करताना कंट्रोल आणि शिफ्ट धरून व्ही दाबा, म्हणजे वर्डची सजावट सोबत येत नाही.

प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये, म्हणजे लेखाच्या कायमच्या पत्त्यात, रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द टाका. ब्लॉगर मराठी शीर्षकाची अक्षरे लिंकमध्ये घेत नाही, नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ असे काहीतरी करतो. वर्डप्रेसवरची मराठी शीर्षकाची लिंक पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊ शकते.

महिन्यातून एकदा सेटिंगमधून बॅकअप उतरवून घ्या आणि लेखांत घातलेले मूळ फोटो वेगळे जपून ठेवा.

पहिला लेख ग्रुपवर टाकण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडा आणि ‘पानावर शोधा’मध्ये लेखातला ‘ऱ्या’ असलेला एक शब्द टाइप करून पाहा. सापडला तर पाठवा.