रखडलेल्या कस्टम नाक्याची बोलणी: वर्गात सराव कसा घ्यावा

पत्रादेवी, मोले, पोळे इथे 1961 पर्यंत खरीखुरी सरहद्द होती. त्यामुळे गोव्यातल्या राज्यशास्त्राच्या वर्गाला हा विषय परका नाही. तीन तास आणि बारा मुलं पुरतात: प्रत्येक बाजूला चार, मध्यस्थ दोन, नोंदी ठेवायला दोन.

प्रसंग कोसोव्हो–सर्बियाचा घ्या. कोसोव्होने फेब्रुवारी 2008 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, सर्बियाने ते मानलं नाही. जुलै 2011 मध्ये उत्तरेतल्या यारिन्ये आणि ब्रन्याक या नाक्यांवरून पेटलं, यारिन्येचा नाका जाळला गेला. 2 डिसेंबर 2011 ला युरोपीय संघाच्या मध्यस्थीने समझोता झाला, पण पहिल्या दोन नाक्यांवर एकत्र काम सुरू व्हायला 10 डिसेंबर 2012 उजाडलं. मधलं वर्ष कशात गेलं असेल, ते मुलांना शोधू द्या.

सुरुवातीला दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं भाषणाला द्या आणि सार्वभौमत्वाचा वाद तिथेच थांबवा. कागदाच्या माथ्यावर एक वाक्य घाला: ‘या मजकुराने कोणत्याही पक्षाच्या भूमिकेस बाध येत नाही.’ हे नसेल तर पुढचं प्रत्येक कलम त्याच भांडणावर अडकतं.

मग शब्द. एक बाजू ‘सीमा’ म्हणेल, दुसरी ‘प्रशासकीय रेषा’. कोसोव्हो–सर्बियाच्या बोलणीत ‘आयबीएम’ (इंटिग्रेटेड बॉर्डर किंवा बाउंड्री मॅनेजमेंट, म्हणजे नाक्याचा एकत्र कारभार) या आद्याक्षरांवर भागवलं. मधल्या ‘बी’चा अर्थ ज्याने त्याने आपला लावला. कस्टमच्या कागदांवरच्या शिक्क्यावर जास्त वेळ द्या, कारण मुलांना इथे सगळं कळतं. कोरा कागद, एक वर्तुळ, आणि आत काय लिहायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. सप्टेंबर 2011 मध्ये ‘कोसोव्हो कस्टम्स’ एवढेच शब्द मान्य झाले, राजचिन्ह नाही. मुलं हमखास चिन्ह काढायला जातात. काढू द्या, आणि समोरची बाजू उठून जाते का ते बघा.

पैशाचे तीन प्रश्न वेगळे ठेवा: शुल्क कोण गोळा करणार, कोणाच्या खात्यात, कशासाठी. इथे 1878 चा इंग्रज–पोर्तुगीज करार सांगा. जमिनीवरच्या सरहद्दीची जकात उठली, मिठावर इंग्रजांचा ताबा आला, पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये ठरले. झळ बसली ती मिठागरांना, जी बोलणीत नव्हतीच. 1892 मध्ये करार संपला.

खरी दिरंगाई परिशिष्टात होते. जागा सपाट करणं, वीज, पाणी, जनरेटर, वजनकाटा, संगणकाची जोडणी, वाहनांच्या रांगा: प्रत्येक कामापुढे चार रकाने आखा. कोण करणार, कोणत्या तारखेला, तपासणार कोण, आणि चुकल्यास काय. ‘लवकरात लवकर’ दिसलं की कागद परत द्या. कामं क्रमाने लावा. जागा सपाट झाल्याशिवाय कंटेनर बसत नाही. आधी कंटेनरमधला तात्पुरता नाका, पक्की इमारत मागून. नाहीतर बांधकामाच्या निविदेपायी सगळंच अडतं. दोन्ही बाजूंचे अधिकारी एकाच दिवशी, एकाच वेळी हजर होतील असं लिहून घ्या. आधी पाऊल टाकायची भीती दोघांनाही असते.

शेवटचा अर्धा तास भाषांतराला ठेवा. एका नोंदवाल्याने मसुदा मराठीत, दुसऱ्याने कोंकणीत उतरवायचा, मग अदलाबदल करून मोठ्याने वाचायचा. एकात ‘हजर राहील’ आणि दुसऱ्यात ‘हजर राहू शकेल’ सापडलं, तर सही थांबवून ते कलम पुन्हा उघडा.