केमोनंतरचे दहा-पंधरा दिवस: घरातल्या माणसाने काय करायचं

केमोच्या दिवसाची सगळे धास्ती घेतात, पण खरं तर तो दिवस सोपा. सलाईन चालू असतं, सिस्टर हाकेच्या अंतरावर असतात. काम सुरू होतं घरी आल्यावर, आणि ते पेशंटच्या शेजारी स्टुलावर बसणाऱ्याचं असतं.

माझी सगळी नोकरी सातपूरच्या कंपनीत मशीनवर गेली. शिफ्ट संपताना लॉगबुक भरायचं, ही सवय. हिची केमो सुरू झाली तेव्हा तशीच एक वही केली. तुम्हीही करा. सकाळ-संध्याकाळचा ताप, काय खाल्लं, उलटी, शौचाला झाली का, कुठली गोळी किती वाजता. डॉक्टरांनी विचारलं की पेशंट हमखास "बरी आहे" म्हणतो. वही पुढे केली की गोळ्या बदलून मिळतात.

सलाईन चालू असताना सुईच्या जागी आग झाली, हात सुजला, तर लगेच सिस्टरना सांगा. काही औषधं शिरेबाहेर गेली तर कातडी जाळतात. लाल रंगाचं औषध असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, घाबरू नका.

उलटीची गोळी उलटी यायच्या आधी घ्यायची असते. बरं वाटत असलं तरी, लिहून दिलेल्या वेळेला. बरेचदा मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळते, आणि नेमकं तेव्हाच "आता कशाला गोळी" असं घरात सुरू होतं. गरम अन्नाला वास जास्त सुटतो, म्हणून मऊ खिचडी निववून द्या, लाह्या, खारी, थोडं थोडं. शेजारच्या घरात लसणाची फोडणी पडली तरी हिला कळायची. आम्ही त्या बाजूची खिडकीच लावून घेत होतो. आणखी एक: केमोच्या आसपास आवडीचा पदार्थ देऊ नका. मळमळीशी त्या चवीची गाठ पडते आणि पुढे तो पदार्थ डोळ्यांसमोर नको होतो. नाशिकच्या बाईला मिसळ नको झाली तर जगायचं कसं? ती आम्ही लांबच ठेवली, तशीही तोंड आल्यावर तर्री सोसत नाहीच.

उलटीच्या गोळीने पोट घट्ट होतं. पाणी भरपूर, आणि पोट साफ व्हायचं औषध डॉक्टरांना विचारून. घरच्या घरी एनिमा अजिबात नाही, रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. उलट जुलाब लागले तर ओआरएस द्या आणि फोन करा.

तोंडासाठी ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा. ब्रश मऊ. तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा काढून लाकडी किंवा प्लास्टिकचा द्या.

आता मुख्य गोष्ट. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. पेशंट तोवर उठून बसलेला असतो आणि घरचे सैल पडतात. पाहुणे याच वेळी येतात, निफाडकडचे असतील तर द्राक्षांची पेटी घेऊन. पेशी खाली असताना आम्ही सोलून खायचीच फळं दिली: केळी, संत्री, पपई. द्राक्षं पाहुण्यांनाच वाढली. कोणी रामकुंडाचं तीर्थ आणलं, ते देव्हाऱ्यात ठेवलं, पोटात नाही. गुळवेलीचा काढा आणणाऱ्यांनाही चहा पाजून परत पाठवलं. डॉक्टरांना न विचारता असलं काही देऊ नका, काहींना त्याने लिव्हरचा त्रास होतो. सर्दी-खोकलावाला कितीही जवळचा असो, दारातूनच नमस्कार.

थर्मामीटर उशाशी ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस झाला की रात्र असो, रविवार असो, हॉस्पिटल गाठा. आधी परस्पर क्रोसिन देऊन बघू नका, ताप दबतो आणि आजार आत वाढत राहतो. पेशीच नसतात, त्यामुळे पू किंवा सूज दिसेलच असं नाही. नुसती थंडी वाजली तरी फोन करा. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य "केमो चालू आहे" हेच. फाईल, शेवटचा सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) आणि औषधांची यादी एका पिशवीत घालून दाराच्या खुंटीला टांगून ठेवा.

पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं की कंबर, मांड्या ठणकतात. ते अपेक्षितच असतं, पण गोळी डॉक्टर सांगतील तीच. बोटांना मुंग्या येत असतील तर गरम तवा आणि विळी तिच्या हातून काढून घ्या, घरातही चप्पल घालायला लावा आणि डॉक्टरांना सांगा, कधी कधी डोस बदलावा लागतो.

केस दोन-तीन आठवड्यांनी जायला लागतात, सगळ्याच औषधांनी नाही. आधीच बारीक कापले की उशीवर पुंजके बघावे लागत नाहीत. विगचं ज्याचं त्याने ठरवावं. ही स्कार्फ बांधायची, आणि कॉलेज रोडवर गाडीवरच्या सगळ्याच मुली तोंड-डोकं गुंडाळून फिरतात, तिथे हिच्याकडे कोण वळून बघतंय!

पुढच्या केमोआधी सीबीसी होतो. पेशी कमी म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर पुढे ढकललं तर हुज्जत घालू नका. वहीत नवी तारीख लिहा आणि तोवर पाहुण्यांनाही थांबवा.