प्लुरा, पेरिकार्डियम, पेरिटोनियम: खाटकाकडच्या पिशवीतून शिकवायचं कसं

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना मी शरीररचना शिकवते. फुफ्फुसाभोवतीचं आवरण म्हणजे प्लुरा, हृदयाभोवतीचं पेरिकार्डियम, पोटातल्या अवयवांभोवतीचं पेरिटोनियम. ‘फुफ्फुसाभोवती दोन थरांचं आवरण असतं, मधल्या पोकळीत द्रव असतो’ हे वाक्य प्रत्येकीला तोंडपाठ. मग मी विचारते, “ही पोकळी केवढी गं?” कुणी बोटभर दाखवते, कुणी चांगली मूठभर. त्यांचा तरी काय दोष? आकृतीत ती जागा निळ्या रंगाने ठसठशीत भरलेली असते. निरोगी माणसात दर बाजूला जेमतेम 10 ते 20 मिलिलिटर द्रव असतो, तोही अख्ख्या छातीभर पसरलेला. म्हणजे नुसता ओलावा. हे तोंडाने सांगून पटत नाही, बोटांना कळावं लागतं. म्हणून बकरा.

खाटकाकडे रविवारी जाऊ नका. त्या दिवशी त्याला मान वर करायला फुरसत नसते आणि तुमची मागणी त्याला विचित्रच वाटणार. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दुकान उघडताना जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा. सांगायचं असं: “चाचा, नळीसकट फेफडा आणि दिल एकत्र पाहिजे, मधे तोडायचं नाही. दिलाच्या वरची पिशवी काढायची नाही, दिल चिरायचं नाही.” हे शेवटचं दोनदा सांगा. रक्त काढायला दिलाला चीर देणं हा त्यांच्या हाताचा सवयीचा भाग असतो. शिवाय चार-पाच बरगड्यांचा अखंड तुकडा, काळजाला (यकृताला) चिकटलेला छाती आणि पोट यांमधला पडदा, चरबीची जाळी, हातभर आतडं त्याच्या झालरीसकट, एक गुर्दा (मूत्रपिंड) आणि न धुतलेल्या वजडीचा, म्हणजे जठराचा, तुकडा. बर्फात ठेवून आणा आणि दुपारच्या आत काम उरका. उशीर झाला की आवरणांची चकाकी जाते, आणि आपल्याला पाहायचीय ती चकाकीच.

सामान फार नको. स्टीलची परात, हातमोजे, बोथट टोकाचा चिमटा, 5 मिलिलिटरची सिरिंज, निळी शाई, सायकलचा पंप, रबरी नळी, सुतळी. धारदार सुरी कपाटात ठेवली तरी चालेल. ही आवरणं कापून दिसत नाहीत, सोडवून दिसतात.

आधी एक पिशवी. प्लास्टिकच्या पिशवीत कपभर पाणी घालून, हवा काढून तोंड घट्ट बांधा. आता बाहेरून मूठ त्या पिशवीत खुपसा. मुठीभोवती प्लास्टिकचे दोन थर आले, मधे पाणी आलं, पण हात कोरडाच राहिला. फुफ्फुस, हृदय, आतडं हे अवयव आपापल्या पिशवीत असेच खुपसलेले असतात. अवयवाला चिकटलेला थर आणि भिंतीला चिकटलेला थर ही एकच चादर, मनगटापाशी वळलेली. मुलींना ते वळण बोटाने दाखवायला लावा, कारण पुढे प्रत्येक अवयवात आपण तेच शोधणार आहोत.

सुरुवात हृदयापासून करा. पिशवी शाबूत असेल तर ती चिमट्याने उचला. हृदय आत सुटं हलतं. बारीक छेद दिला की फिकट पिवळसर द्रव दिसतो, तो सिरिंजमध्ये ओढून घ्या. माणसात तो साधारण 15 ते 50 मिलिलिटर असतो. आता छेदातून बोट आत घालून वर सरकवा. मोठ्या रक्तवाहिन्या जिथे हृदयातून निघतात तिथे बोट अडतं, पुढे जायला वाट नाही. पिशवीचा आतला गुळगुळीत थर तिथे वळून हृदयाची स्वतःची चकाकी बनतो. हेच मनगट. बाहेरचा जाड, पांढरट थर ओढून बघा, ताणत नाही. म्हणूनच वॉर्डमध्ये छातीला मार लागलेला पेशंट आला आणि या पिशवीत झपाट्याने रक्त साचलं, तर 150-200 मिलिलिटरनेही हृदय आवळलं जातं. तेच पाणी हळूहळू, आठवड्यांनी साचलं तर पिशवी सैल होत जाते आणि लिटरभरसुद्धा मावतं. किती साचलं याच्या आधी किती वेगाने साचलं हे विचारायचं, असं मी मुलींना सांगते. गाईच्या याच आवरणाच्या पट्ट्यांपासून माणसाच्या हृदयाच्या झडपा करतात, हेही इथेच सांगून टाका. पेंगुळलेला वर्ग जागा होतो.

आता फेफसं. नळी खाली करून आधी आतलं रक्त झटकून काढा, कारण गळा कापताना थोडं रक्त श्वासनळीत ओढलं गेलेलं असतं. रबरी नळी श्वासनळीत घालून सुतळीने बांधा, पण अगदी वरच्या टोकाशी. बकऱ्याला उजव्या बाजूच्या पुढच्या खंडासाठी एक वेगळी फांदी मुख्य दुभाजनाच्या आधीच फुटते. गाठ त्या फांदीच्या खाली पडली तर तो खंड फुगत नाही आणि अर्धा तास कारण शोधण्यात जातो. पंप मारा, सावकाश. तोंडाने फुंकू नका, कुणी कितीही पैज लावली तरी. जनावराला काय आजार होता हे आपल्याला ठाऊक नसतं.

मळकट लालसर गोळा बघता बघता फिकट गुलाबी होऊन तिप्पट होतो. त्याच्यावरची काचेसारखी चकाकी म्हणजे आतला प्लुरा. फुगलेल्या फेफशाला पाण्यात धरून सुई टोचली की त्या जागी बुडबुडे येतात, न टोचलेल्या जागी एकही नाही. पंप काढला की फेफसं आपणहून आकसतं. इथे थांबा आणि विचारा: आपल्या छातीत ते श्वास सोडल्यावर असं पूर्ण का मिटत नाही? दोन थरांमधला तो ओलावा फेफशाला छातीच्या भिंतीशी धरून ठेवतो. थर एकमेकांवरून घसरतात, पण सुटत नाहीत. मधे हवा शिरली की ही पकड सुटते आणि फेफसं आता परातीत झालं तसं मिटतं. वॉर्डात छातीत नळी घालून खाली पाण्याची बाटली ठेवतात ती यासाठीच. नळीचं टोक पाण्याखाली असतं, त्यामुळे हवा बाहेर येते पण परत आत जात नाही. पेशंटला हलवताना ती बाटली छातीच्या वर उचलायची नाही, नाहीतर पाणी उलटं छातीत जाईल. हे ऐकून पाठ होतं, पण मिटलेलं फेफसं पाहिलं की कायमचं लक्षात राहतं.

बरगड्यांचा तुकडा आतल्या बाजूने वर करा. त्यावर सेलोफेनसारखा पातळ पापुद्रा आहे, कडेला नखाने उचकटून सोलत आणा. हा भिंतीकडचा प्लुरा. त्याला बरगड्यांमधल्या नसांकडून वेदना कळते, फेफशावरच्या थराला ती कळत नाही. म्हणून निमोनियाचा पेशंट ‘श्वास घेतला की इथे टोचतं’ असं बोट ठेवून सांगतो, तेव्हा सूज भिंतीपर्यंत पोचलेली असते. पापुद्रा निघाल्यावर प्रत्येक बरगडीच्या मागच्या कडेला, म्हणजे माणूस उभा असेल तर खालच्या कडेला, रक्तवाहिन्यांची रेघ दिसते. छातीतलं पाणी काढताना डॉक्टर सुई बरगडीच्या वरच्या कडेला लावून का घालतात, याचं उत्तर त्या रेघेत आहे. क्षयरोगाचे पेशंट आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा या मुली ही प्रक्रिया पुढे अनेकदा पाहणार आहेत.

कधी फेफसं बरगड्यांना चिकटलेलंच निघतं आणि खाटीक ते कापून काढतो. असा नग मिळाला तर परत करू नका. जुन्या प्लुरसीत (प्लुराच्या सुजेत) दोन थर कसे जोडले जातात, हे एरवी दाखवायला मिळत नाही.

पोटाकडे वळा. आतडं त्याच्या झालरीसकट उजेडाकडे धरा. रक्तवाहिन्यांचं जाळं, मधे गाठी आणि त्यांना दोन्ही बाजूंनी झाकणारे पेरिटोनियमचे दोन पापुद्रे. सिरिंजमध्ये पातळ निळी शाई घेऊन सुई अगदी आडवी धरा आणि दोन पापुद्र्यांच्या मधे हळूच सोडा. ते सुटे होतात आणि आतड्यापाशी पोचल्यावर त्याला दोन्हीकडून कवेत घेतात. माझ्या मते सगळ्या दिवसात हा भाग सर्वांत देखणा. चरबीची जाळीही अशीच, पापुद्र्यांची घडी आणि त्यात चरबी. अपेंडिक्स सुजलं की माणसातली ही जाळी त्याच्याभोवती जाऊन चिकटते आणि पू पोटभर पसरू देत नाही. दुखणंही आधी बेंबीभोवती मोघम असतं. भिंतीकडचा पेरिटोनियम सुजला की मग ते उजवीकडे खाली एका जागी येतं.

गुर्द्याची वरची साल सहज सोलली जाते आणि मुली लगेच म्हणतात, “मॅडम, पेरिटोनियम!” नाही. ती त्याची स्वतःची तंतुमय साल. गुर्दा पेरिटोनियमच्या पिशवीच्या मागे, चरबीत बसलेला असतो.

वजडीच्या तुकड्यावर एकाच भिंतीची दोन अस्तरं दिसतात: बाहेरून पेरिटोनियमची चकाकी, आतून टॉवेलसारखी खरबरीत कातडी. घरी उकळतं पाणी आणि चुना लावून आपण खरवडून टाकतो ती हीच आतली. मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला तुकडा मिळाला तर उत्तम, ती जाळीकोथळी, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या जठराचा एक कप्पा. गाय किंवा म्हैस चाऱ्याबरोबर तार गिळते, ती इथे येऊन बसते. कोथळी आकुंचन पावताना तार आतलं अस्तर, मग पेरिटोनियम, मग पडदा भेदते, आणि पडद्याच्या पलीकडे काही सेंटिमीटरवर हृदयाची पिशवी असते. जनावर पाठ कमानीसारखी करतं, कोपर बाहेर काढून उभं राहतं, गळ्याखाली सूज उतरते. म्हणून पशुवैद्य गाईला लोहचुंबक गिळायला देतात, तार त्यालाच धरून बसते. शेतकऱ्यांच्या मुली ही गोष्ट मला सांगतात, मी फक्त तारेच्या वाटेत आलेली आवरणं त्यांच्याकडून क्रमाने म्हणवून घेते.

काही मुली मांसाला हात लावत नाहीत. जबरदस्ती करू नका. त्यांना फळ्यापाशी बसवून आकृत्या काढायला द्या, बहुधा त्यांच्याच नेमक्या निघतात.

एक खबरदारी मात्र कडक पाळा. जाळीला किंवा झालरीला लोंबणारी पाण्याची पिशवी दिसली, किंवा काळजात-फेफशात पांढरट, टणक, पाण्याने भरलेला फोड दिसला, तर ते फोडू नका. या कृमींच्या अळ्या असतात. कुत्र्याने ते खाल्लं की त्याच्या पोटात कृमी वाढतात, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि फेफशातल्या त्या फोडाचा रोग तिथून माणसालाही होतो. त्यामुळे काम झाल्यावर उरलेलं काहीही कॉलेजच्या आवारातल्या कुत्र्यांपुढे टाकायचं नाही, त्यांनी कितीही शेपटी हलवली तरी. खोल खड्डा, वर चुना, वर माती, वर जड दगड. परात आणि चिमटे ब्लीचच्या पाण्यात बुडवा, हातमोजे काढल्यावरही साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, आणि जेवणाचे डबे त्यानंतरच उघडा.